खतावणी परत मिळेल का?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊनच बसा.

गेल्या रविवारी मुलुंडला आमच्या पतपेढीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. विषयपत्रिकेवर सातवा विषय होता, 'नवीन संगणक प्रणाली खरेदी करणेबाबत'. असे विषय एरवी 'मंजूर, मंजूर' म्हणत दोन मिनिटांत उरकतात आणि सगळ्यांचं लक्ष बटाटेवड्याकडे असतं. पण मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "जुन्या कॉम्प्युटरातलं सगळं नव्यात येणार ना? माझ्या मुदतठेवी २००९ पासूनच्या आहेत."

सचिवांनी जरा घसा खाकरला. म्हणाले, जुना पुरवठादार म्हणतो की माहिती आमच्या फॉरमॅटमध्ये आहे, काढून द्यायचे वेगळे पैसे पडतील. किती, ते अजून सांगितलेलं नाही.

सभागृह क्षणभर गप्प झालं आणि मग एकदम गोंगाट. आमची माहिती, आमच्या ठेवी, आणि पैसे द्यायचे तुम्हाला? कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, "हे कॉम्प्युटरवाले आहेत, यांना विचारा." मला बोलायला तीन मिनिटं मिळाली. राहिलेलं इथे लिहितोय, कारण आजींचा प्रश्न मी तीस वर्षांपूर्वी एकदा ऐकला होता आणि तेव्हा माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

गोष्ट १९९३ ची. मी अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. सकाळी मुलुंडहून स्लो लोकल, घाटकोपरला उतरून ३४० नंबरची बस, साकीनाक्याचा ट्रॅफिक खात मरोळ नाका. आज ज्यांना घाटकोपर-अंधेरी म्हणजे मेट्रोची वीसेक मिनिटं एवढंच माहीत आहे, त्यांना ती ३४० ची रांग सांगून कळायची नाही. आमची कंपनी सीप्झच्या कुंपणाबाहेर होती. हे महत्त्वाचं आहे. सीप्झ १९७३ साली निर्यातीसाठी उभं राहिलं. कुंपणाच्या आतले मित्र अमेरिकन गिऱ्हाइकांची कामं करायचे, आम्ही बाहेरचे इथल्या बँका, कारखाने, हॉस्पिटलं यांची.

तर पूर्व उपनगरातल्या एका सहकारी बँकेला (नाव नको) संगणकीकरण करायचं होतं. तो काळ आठवा. रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ चा, दुसरा १९८९ चा. संगणक आला की नोकऱ्या जाणार म्हणून कर्मचारी संघटनांचा विरोध होता, १९८३ आणि १९८७ च्या करारांनंतर तो हळूहळू निवळला. मोठ्या बँकांनी युनिक्सची यंत्रं घेतली, म्हणून सहकारी बँकाही युनिक्सकडे वळल्या. युनिक्स म्हणजे एक यंत्र आणि त्याला जोडलेले आठ-दहा टर्मिनल, सगळे कारकून एकाच वेळी कामाला. प्रश्न राहिला, त्यावर डेटाबेस कुठला घ्यायचा?

माझ्या साहेबांनी मला सांगितलं, चार डेटाबेस आहेत, तुलना करून अहवाल दे. इन्ग्रेस, ओरॅकल, इन्फॉर्मिक्स आणि सायबेस. मी तेव्हा पंचविशीत होतो आणि जुहूच्या एनसीएसटीत शिकून आलो होतो, त्यामुळे डोक्यात हवा भरपूर.

आता ज्यांना डेटाबेस म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

पूर्वी दुकानात रोजकीर्द आणि खतावणी असायची. दिवसाचे व्यवहार रोजकीर्दीत, मग खातेवार खतावणीत. सुरुवातीच्या संगणकी डेटाबेसात नोंदी एकमेकींना धाग्यांनी बांधलेल्या असत. या खात्यावरून त्या व्यवहाराकडे, तिथून पुढच्या व्यवहाराकडे, असं प्रोग्रामने धागा धरून चालत जायचं. धाग्याची रचना बदलली की सगळे प्रोग्राम नव्याने लिहा. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं साधं होतं. सगळी माहिती साध्या कोष्टकांत ठेवा. खातेदारांचं एक कोष्टक, व्यवहारांचं दुसरं, दोन्हींत खाते क्रमांक. काय हवं ते सांगा, कसं शोधायचं ते यंत्राला ठरवू द्या. यालाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात. कॉडला १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आयबीएमने मात्र घाई केली नाही, त्यांचा जुन्या पद्धतीचा आयएमएस डेटाबेस चांगला चालला होता. सॅन होजेच्या प्रयोगशाळेत सिस्टिम आर नावाचा प्रयोग झाला, त्यातून चेंबरलिन आणि बॉइस यांची सीक्वेल भाषा आली, तीच पुढे एसक्यूएल. पण निबंध छापलेले होते, कुणीही वाचावेत. ते वाचून इतरांनी दुकानं थाटली.

पहिलं इन्ग्रेस. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी १९७३ च्या सुमारास सुरू केलं, तेही पीडीपी-११ या यंत्रावर आणि युनिक्सवर. म्हणजे युनिक्सवर वाढलेलं पहिलंच मोठं रिलेशनल बाळ. त्याचा कोड विद्यापीठं नाममात्र खर्चात मागवू शकत. त्याची भाषा मात्र वेगळी, क्वेल. बऱ्याच जाणकारांच्या मते ती एसक्यूएलपेक्षा नीटनेटकी होती. १९८० मध्ये त्याची कंपनी झाली.

दुसरं ओरॅकल. लॅरी एलिसन, बॉब मायनर आणि एड ओट्स यांनी १९७७ मध्ये कंपनी काढली आणि १९७९ मध्ये उत्पादन बाजारात आणलं. त्याला नाव दिलं 'आवृत्ती २', कारण आवृत्ती १ कोण विकत घेणार? १९८३ साली तिसरी आवृत्ती सी भाषेत नव्याने लिहिली, हीच त्यांची मोठी चाल. सी भाषा जिथे चालते तिथे ओरॅकल चालणार, मग ते मोठं मेनफ्रेम असो, युनिक्स असो की साधा पीसी. एसक्यूएल त्यांनी पहिल्यापासून धरलं. १९८६ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने एसक्यूएल प्रमाण ठरवलं तेव्हा इन्ग्रेसची क्वेल एका रात्रीत मागे पडली.

तिसरं इन्फॉर्मिक्स. रॉजर सिपल आणि लॉरा किंग यांनी १९८० साली काढलेली कंपनी. हे युनिक्सच्या छोट्या यंत्रांवरचं गुणी लेकरू. त्याच्या साध्या आवृत्तीत प्रत्येक कोष्टक म्हणजे डिस्कवर दोन फायली, एक माहितीची आणि एक सूचीची. सांभाळायला वेगळा माणूस नको. वर फोरजीएल नावाची भाषा, तिच्यात पावती, पासबुक, दिवसअखेरचा गोषवारा, सगळं झटपट लिहून व्हायचं.

चौथं सायबेस, १९८४ चं. मार्क हॉफमन आणि बॉब एपस्टाइन. हा एपस्टाइन बर्कलीच्या इन्ग्रेसमधूनच आलेला, म्हणजे घरचाच. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर सनच्या वर्कस्टेशनची लाट आली आणि तिच्यासोबत सायबेसची. आपल्या सीप्झमधल्या कित्येक पोरांनी संसार सायबेसवर उभे केले. (सन कंपनीच्या संस्थापकांत विनोद खोसला होते, पुण्यात जन्मलेले. हे आम्ही तेव्हा आवर्जून सांगायचो.)

आमच्याकडे एक सन स्पार्कस्टेशन होतं, पिझ्झाच्या खोक्याएवढं चपटं. पिझ्झा तेव्हा आम्ही पाहिला नव्हता, पण लोक तसं म्हणायचे. चौघांच्या चाचणी आवृत्तीच्या टेप आल्या. मी पंधरा दिवस रात्री उशिरापर्यंत बसलो.

काय दिसलं ते थोडक्यात सांगतो, कारण तांत्रिक असलं तरी यात आपल्या रांगेत उभं राहण्याचा संबंध आहे.

स्मृतीचा प्रश्न पहिला. तेव्हा यंत्रात मेमरी किती, तर बत्तीस मेगाबाइट म्हणजे श्रीमंती. ओरॅकल आणि इन्फॉर्मिक्स प्रत्येक कारकुनामागे यंत्रात एक वेगळी प्रक्रिया उभी करायचे. वीस कारकून, वीस प्रक्रिया. सायबेसचा सर्व्हर एकच प्रक्रिया चालवून तिच्यातच सगळ्यांना वाटून द्यायचा. छोट्या यंत्रावर हा फरक लगेच जाणवायचा.

दुसरा प्रश्न कुलपाचा. मी एका खात्यात पैसे भरतोय तोपर्यंत दुसऱ्याने त्याच खात्यात हात घालू नये, म्हणून डेटाबेस कुलूप लावतो. सायबेस दोन किलोबाइटच्या पूर्ण पानाला कुलूप लावायचं. म्हणजे माझं खातं आणि शेजारच्या काकूंचं खातं एकाच पानावर असेल, तर माझं काम होईपर्यंत काकू थांबणार. एका ओळीपुरतं कुलूप त्यांनी १९९८ मध्ये आणलं. ओरॅकलने ते १९८८ च्या सहाव्या आवृत्तीतच आणलं होतं आणि त्यांच्याकडे वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यासाठी थांबावं लागत नसे, जुनी प्रत बाजूला ठेवून तीच दाखवायचे. त्याचीही किंमत होती. दिवसअखेरचा लांबलचक अहवाल चालू असताना जुनी प्रत पुसली गेली की ओरॅकल मधेच हात वर करायचं. इन्फॉर्मिक्समध्ये पान की ओळ हे कोष्टक बनवताना निवडता यायचं. इन्ग्रेस पानाला लावायचं आणि पानं जास्त झाली की सगळ्या कोष्टकालाच.

तिसरा प्रश्न आमच्या मुलुंडचा. अंधेरीला बीएसईएसची वीज, मुलुंड-भांडुपला एमएसईबीची. आमच्याकडे लाइट जाणं म्हणजे काय ते अंधेरीवाल्यांना कधी कळलं नाही. पैसे एका खात्यातून निघाले, दुसऱ्यात पडायच्या आत लाइट गेली, तर? डेटाबेसने आधी नोंदवही लिहायची आणि मग खात्याला हात लावायचा, म्हणजे लाइट आली की नोंदवही वाचून अर्धवट व्यवहार पुसता येतो. पण इथे युनिक्सचीच एक खोड होती. डिस्कवर लिहिलं असं सांगून ते माहिती काही काळ स्मृतीतच धरून ठेवायचं. म्हणून हे डेटाबेस डिस्कचा कोरा भाग मागून घेत आणि युनिक्सला बाजूला सारून स्वतः लिहीत. इन्फॉर्मिक्सची साधी आवृत्ती मात्र युनिक्सच्याच फायलींत लिहायची, आणि व्यवहारांची नोंदवही तिच्यात मुद्दाम चालू करावी लागे. मी चाचणीत खरोखर प्लग उपटला. चौघांचाही. साहेब ओरडले, यंत्र जळलं तर पगारातून कापेन म्हणाले. पण नोंदवही चालू होती तिथे प्रत्येक वेळी हिशेब जुळला. न चालू केलेल्या ठिकाणी नाही जुळला.

आता मजा ऐका. मी वेगाची तुलना करून मोठं कोष्टक बनवलं आणि साहेबांना म्हटलं, हे एखाद्या मासिकात छापू या. साहेबांनी परवान्याचा कागद पुढे केला. ओरॅकलच्या अटीत लिहिलं होतं, चाचणीचे आकडे आमच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करायचे नाहीत. या अटीला धंद्यात डेविट कलम म्हणतात. १९८३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातले डेव्हिड डेविट आणि सहकाऱ्यांनी डेटाबेसची जाहीर तुलना केली, त्यात ओरॅकल मागे पडलं आणि त्यानंतर हे कलम आलं. इतरांनीही ते उचललं. म्हणजे लाखो रुपये खर्चून घ्यायची वस्तू, पण घेणाऱ्यांनी एकमेकांना अनुभव आकड्यांत सांगायचा नाही. भाजीवाल्याने सांगावं की काटा तपासा पण शेजारणीला सांगू नका, तसं. १९८८ मध्ये कंपन्यांनीच मिळून टीपीसी नावाची परिषद स्थापली आणि सर्वांना सारख्या चाचण्या ठरवल्या. त्यानंतर कंपन्या सारखे आकडे छापायला लागल्या, पण तेही ज्याच्या त्याच्या मर्जीने.

माझ्या अहवालात वीस रकाने होते. वेग, स्मृती, कुलूप, सावरणं, किंमत, पुस्तिका, सगळं. गुण घातले आणि बेरजेत इन्ग्रेस पहिलं आलं. शोधाचा मार्ग निवडण्यात ते खरंच हुशार होतं. शिवाय खरं सांगायचं तर ते विद्यापीठातून आलं होतं आणि मला विद्यापीठाचं प्रेम.

बँकेच्या मुख्य कचेरीत सादरीकरण झालं. संचालक, व्यवस्थापक, आणि कोपऱ्यात बँकेचे मुख्य हिशेबनीस. साठीला आलेले, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं. मी अर्धा तास बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग हिशेबनीस म्हणाले, "बाळ, एक विचारू? ही कंपनी उद्या बंद पडली, नाहीतर तुमची कंपनी बंद पडली, तर माझी खतावणी मला परत मिळेल का? कागदावर नको, दुसऱ्या कुठल्या यंत्राला वाचता येईल अशी."

वीस रकान्यांत हा रकाना नव्हता.

मी काहीतरी सारवासारव केली. ते हसले, रागावले नाहीत. म्हणाले, "शोधून ठेवा. पुढच्या सोमवारी सांगा."

तो आठवडा मी पुन्हा पुस्तिका वाचल्या, पण या एकाच नजरेने. तेव्हा कळलं की इन्फॉर्मिक्समध्ये 'अनलोड' नावाची एका ओळीची आज्ञा आहे. कोष्टकाचं नाव सांगा, साधी अक्षरी फाइल बाहेर पडते, प्रत्येक रकान्यामध्ये एक उभी रेघ. कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही संपादकात उघडा, वाचा. सायबेसमध्ये बीसीपी नावाचं साधन तेच करतं. इन्ग्रेसमध्ये सगळी कोष्टकं उतरवून काढायची सोय आहे. ओरॅकलचं 'एक्स्पोर्ट' मात्र जी फाइल काढतं ती फक्त ओरॅकललाच परत वाचता येते. साधी अक्षरी फाइल हवी तर एकेक प्रश्न लिहून हाताने काढत बसायचं. अशक्य नव्हतं, पण त्रासाचं.

आणि आणखी एक कळलं. माहिती बाहेर आली तरी हिशेब करणारा प्रोग्राम बाहेर येत नाही. व्याज कसं मोजायचं, मुदतपूर्व मोडल्यास किती कापायचं, हे नियम सायबेसमध्ये त्याच्याच बोलीत डेटाबेसच्या पोटात लिहिलेले असत, ओरॅकलमध्ये त्याच्या बोलीत, इन्फॉर्मिक्समध्ये फोरजीएलमध्ये. एसक्यूएल प्रमाण झालं होतं ते प्रश्न विचारण्यापुरतं. बाकी प्रत्येकाची बोली वेगळी.

सोमवारी हे सगळं सांगितलं. हिशेबनीसांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "मग इन्फॉर्मिक्स घेऊ. अनलोड आहे, आणि घाटकोपरात ते येणारी पोरं मिळतात." व्याजाचे नियम त्यांनी मराठीत, उदाहरणांसकट, वेगळ्या वहीत लिहून घ्यायला लावले आणि ती वही बँकेच्या तिजोरीत ठेवली.

मला तेव्हा राग आला होता. उत्तम वस्तू सोडून हे कारणं काय देतात! नोंदवही पहिल्या दिवसापासून चालू राहील एवढं मात्र मी करारात घालून घेतलं.

पुढे काय झालं? १९९० मध्येच एएसके नावाच्या कंपनीने इन्ग्रेस घेतलं होतं. माझ्या अहवालाला वर्ष होतंय तोवर, १९९४ मध्ये, ती कंपनीही कॉम्प्युटर असोसिएट्सने गिळली. बाजारात इन्ग्रेसचं नाव जवळजवळ पुसलं गेलं. मी पहिला नंबर दिलेला घोडा.

सायबेसने १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी केली होती, १९९३-९४ च्या सुमारास वाटा वेगळ्या झाल्या आणि मायक्रोसॉफ्टने त्याच मुळावर आपला एसक्यूएल सर्व्हर वाढवला. सायबेस मागे पडत गेलं आणि २०१० मध्ये सॅपने विकत घेतलं. इन्फॉर्मिक्स नव्वदीच्या मध्यावर ऐन भरात होतं. १९९७ मध्ये त्यांच्या हिशेबातला घोळ बाहेर आला, जुनी उत्पन्नं नव्याने दाखवावी लागली. २००१ मध्ये आयबीएमने त्यांचा डेटाबेस १ अब्ज डॉलरना घेतला. म्हणजे ज्या आयबीएमच्या निबंधातून हे सगळं सुरू झालं, तिथेच एक लेकरू परतलं.

ओरॅकलही १९९० मध्ये बुडता बुडता वाचलं होतं, विक्रीचे आकडे फुगवल्याचं अंगाशी आलं आणि कामगारकपात झाली. पण ते सावरलं. १९९२ ची सातवी आवृत्ती पक्की निघाली आणि मग घाटकोपर, बोरिवली, ठाणे, जिथे पाहाल तिथे स्टेशनबाहेर 'ओरॅकल, डेव्हलपर २०००' असे क्लासचे बोर्ड लागले. माणसं मिळतात म्हणून कंपन्या ओरॅकल घेणार, कंपन्या घेतात म्हणून पोरं ओरॅकल शिकणार. हे चक्र फिरलं की तंत्राच्या गुणांना कोण विचारतं?

आपल्या उपनगरांशी त्याचा धागा अजून जवळचा आहे. सिटी बँकेच्या मुंबईतल्या सॉफ्टवेअर कामातून सिटिल ही कंपनी उभी राहिली. तिचं मायक्रोबँकर आणि मग फ्लेक्सक्यूब हे बँकांचं सॉफ्टवेअर जगभर गेलं. कंपनीचं नाव आय-फ्लेक्स झालं, २००५ मध्ये ओरॅकलने सिटीचा वाटा घेतला, आणि २००८ पासून ती ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर. गोरेगाव पूर्वेला हायवेवरून जाताना तिची इमारत दिसते. २०१० मध्ये सन कंपनीही ओरॅकलकडेच गेली. आमचं पिझ्झाच्या खोक्याचं यंत्रही शेवटी त्यांचंच झालं म्हणायचं.

आणि एक गंमत. इन्फॉर्मिक्सचं पुढचं विकसन २०१७ पासून एचसीएलकडे आलं आणि इन्ग्रेस ज्या ॲक्टियन कंपनीकडे होतं ती २०१८ मध्ये एचसीएलने भागीदारासह घेतली. हरलेले दोन्ही घोडे भारतीय तबेल्यात.

इन्ग्रेसचं बीज मात्र मेलं नाही. स्टोनब्रेकर यांनी बर्कलीतच १९८६ मध्ये पोस्टग्रेस सुरू केलं. १९९६ पासून त्याचं नाव पोस्टग्रेस-क्यूएल, कोड खुला, परवान्याचे पैसे नाहीत, चाचणीचे आकडे छापायला बंदी नाही. स्टोनब्रेकरना २०१४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आणि डेटाबेसचं जे पाठ्यपुस्तक जगभरची पोरं वाचतात, त्याच्या तीन लेखकांपैकी एक, सुदर्शन, आपल्या पवईच्या आयआयटीत शिकवतात. घाटकोपरहून बसने अर्ध्या तासावर.

आता त्या सहकारी बँकेचं. २००४ मध्ये त्यांनी प्रणाली बदलली. हिशेबनीस निवृत्त होऊन वर्षं झाली होती. मला मदतीला बोलावलं. आम्ही अनलोड चालवलं आणि एका रात्रीत अकरा वर्षांच्या नोंदी साध्या फायलींत बाहेर आल्या. आकडे जुळले. व्याजाचे नियम तिजोरीतल्या वहीत होते.

अडलं ते एकाच ठिकाणी. काही शाखांनी खातेदारांची नावं मराठीत भरली होती. १९९१ मध्ये सरकारने इस्की नावाचं भारतीय लिप्यांचं प्रमाण ठरवलं होतं, आणि ज्या शाखेत पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट तंत्र होतं तिथली नावं त्या प्रमाणात होती, ती व्यवस्थित बदलता आली. दुसऱ्या शाखेने मात्र नंतर कुठल्याशा फॉन्टमध्ये नावं टाइप करून घेतली होती. फॉन्ट आहे तोवर 'सुलोचना', फॉन्ट नाही तर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. महिनाभर दोघीजणी पासबुकं समोर ठेवून नावं पुन्हा टाइप करत होत्या.

तेव्हा मला तो प्रश्न पूर्ण समजला. माहिती, नियम आणि लिपी, तिन्ही परत मिळायला हवीत. एक जरी अडकलं तरी खतावणी परत मिळाली असं म्हणता येत नाही.

सभेत मी तीन मिनिटांत एवढंच म्हटलं. नव्या प्रणालीचं नाव काय, डेटाबेस ओरॅकल की पोस्टग्रेस, याने सभासदाला फार फरक पडत नाही. सगळेच आता चांगले आहेत. करारात चार ओळी हव्यात. एक, माहितीची मालक पतपेढी. दुसरी, दर सहा महिन्यांनी संपूर्ण माहिती साध्या अक्षरी फायलींत, कोष्टकांच्या वर्णनासह, पतपेढीच्या ताब्यात, जादा पैसे न घेता. तिसरी, मराठी मजकूर फक्त युनिकोडमध्ये. चौथी, व्याज, दंड, लाभांशाचे नियम मराठीत लिहून, उदाहरणांसह, पतपेढीच्या कपाटात. आणि ती सहामाही फाइल कुणीतरी खरंच उघडून पाहायची. केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं आणि २०१५ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरचं धोरण जाहीर केलंय. ते पतपेढीला बंधनकारक नाही, पण शहाणपण घ्यायला बंदी कुठे आहे?

अध्यक्ष म्हणाले, एवढं सगळं पुरवठादार मान्य करेल का? आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "नाही केलं तर दुसरा बघा." टाळ्या पडल्या. ठराव चार ओळी वाढवून मंजूर झाला.

जुन्या पुरवठादाराशी बोलणं अजून चालू आहे. २००९ पासूनच्या नोंदी अजून त्याच्याकडेच आहेत. पैसे द्यावे लागतील असं दिसतंय, कारण जुन्या करारात या ओळी नाहीत. तो करार झाला त्या सभेला मीही हजर होतो. 'मंजूर' म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता आणि वड्यांचा वास मलाही येत होता.

म्हणून ही पोस्ट. सप्टेंबरअखेरपर्यंत सगळीकडे सर्वसाधारण सभा आहेत. पतपेढी असो, हाउसिंग सोसायटी असो, शाळा असो की ज्ञातिमंडळ, संगणकाचा विषय आला की हात वर करा आणि एवढंच विचारा, खतावणी परत मिळेल का?